कुत्र्याची विष्ठा व तीवरून होणारें आहाराचें आणि पचनाचें ज्ञान

गोठ्यांत पाऊल टाकतांच म्हशीच्या शेणावर नजर टाकून तिच्या प्रकृतीची परीक्षा करणें ही आपल्या शेतकऱ्याची नित्याची गोष्ट आहे. शेण पातळ पडलें तर कोवळी हिरवी वैरण अधिक झाली, घट्ट गोळे पडूं लागले तर पाणी कमी पडलें, अख्खे दाणे दिसले तर भरडा जाडा राहिला, हें कोल्हापुराकडील कोणताहि जाणता माणूस न विचारतां सांगेल. मेंढरें बसवितांना लेंडी पाहून धनगरहि असाच अंदाज बांधतो. परंतु त्याच अंगणांत रात्रभर राखण करणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेकडे मात्र फावड्यानें दूर लोटण्यापलीकडे कोणी लक्ष देत नाहीं.

विषय किळसवाणा आहे हें आम्ही जाणतों. तथापि जो मनुष्य शेणाखतांत रोज हात घालतो त्यानें या विषयानें नाक मुरडण्याचें कारण नाहीं. कुत्र्यानें काय खाल्लें, तें त्यास पचलें कीं नाहीं, आणि त्याच्या पोटांत आपल्या मुलांबाळांस व जनावरांस अपाय करणारें कांहीं आहे काय, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळ अंशीं तेथें मिळतात. त्यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून त्याकरितांच आम्ही हा लेख लिहीत आहों.

कुत्र्याच्या पचनाची ठेवण

कुत्रा हा मूळचा मांसाहारी प्राणी. त्याचें आंतडें त्याच्या शरीराच्या लांबीच्या सुमारें पांच-सहा पट असतें. गाई-म्हशींचें वीस पटींच्या आसपास असतें. म्हशीप्रमाणें चार कप्प्यांचें पोट त्यास नाहीं व रवंथहि नाहीं. त्यामुळें गवत, पाला, कोंडा हे पदार्थ कुत्र्याच्या पोटांतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडतात.

मग आपलीं कुत्रीं भाकरीवर कशीं जगतात, असा प्रश्न येईल. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या उंबऱ्याशीं राहून कुत्र्याच्या पचनांतच फरक पडलेला आहे. पिठूळ अन्न पचविणारा रस निर्माण करण्याची शक्ति लांडग्यापेक्षां कुत्र्याच्या अंगीं पुष्कळ अधिक आहे, असें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून दिसून आलें. मात्र हें सामर्थ्य शिजलेल्या अन्नापुरतेंच विशेष उपयोगी पडतें. भाजलेली भाकरी त्यास पचते. कच्चें पीठ व अख्खी ज्वारी पचत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतीलच एक दाखला येथें देण्यासारखा आहे. सोलापूर जिल्ह्यांत नान्नजच्या माळरानावर, जेथें माळढोक पक्ष्यांसाठीं अभयारण्य आहे, तेथें अबी तमीम वनक व मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनीं मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांच्या व खोकडांच्या विष्ठा गोळा करून त्यांतील अवशेष तपासले आणि तो अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध केला. खोकडाच्या विष्ठेंत उंदीर, किडे व रानफळें यांचे अवशेष मुख्यतः आढळले. त्याच माळावर फिरणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेंत मात्र बहुतेक सर्व माणसाकडूनच आलेलें होतें: घातलेलें अन्न, कचरा, पिकाचे अवशेष व मेलेल्या जनावरांचें मांस. रान एकच, परंतु खोकड आपलें पोट आपण भरतो आणि कुत्रा आपल्या दारावर व आपल्या निष्काळजीपणावर जगतो. म्हणजेच कुत्र्याच्या विष्ठेंत जें दिसतें त्याचा जबाबदार बहुधा त्याचा मालक, किंवा सारा गांव, असतो.

निरोगी विष्ठा कशी असते

निरोगी कुत्र्याची विष्ठा तपकिरी रंगाची, लांबट, बांधलेली व किंचित् ओलसर असते. ती उचलली असतां आकार सोडीत नाहीं व जमिनीवर फारसा डाग राहत नाहीं. मोठें कुत्रें दिवसांतून एक ते तीन वेळां शौचास जातें. तपकिरी रंग पित्तामुळें येतो, म्हणून रंगांतील बदल हा पुष्कळदां यकृत, पित्त किंवा आंतडें यांतील बिघाडाचा इशारा असतो. भाकरी-भातावर पोसलेल्या कुत्र्याची विष्ठा फिकट व अधिक होते. मांस खाणाऱ्याची काळसर व थोडी होते. हा फरक आहाराचा आहे, रोगाचा नव्हे.

घट्टपणावरून होणारा बोध

विष्ठा कोरडी, भुसभुशीत, खडूसारखी पांढरट पडली तर कुत्र्यानें हाडें फार खाल्लीं असें समजावें. हाडांतील चुना न पचतां बाहेर पडतो. अशा कुत्र्यास शौचास कुंथावें लागतें, आणि क्वचित् मार्गच बंद होतो. शिजलेलें हाड, त्यांतहि कोंबडीचें, फुटून अणकुचीदार होतें व आंतड्यास इजा करतें. तें कधींहि घालूं नये.

विष्ठा पातळ परंतु दुर्गंधरहित असून कुत्रा खेळता असेल तर आहारांतील एकाएकी झालेला फरक हें बहुधा कारण असतें. मोठ्या कुत्र्यास म्हशीचें निवळ दूध पाजलें असतां असेंच होतें, कारण दुधांतील साखर पचविण्याची शक्ति पिलूपण संपतांच कमी होते. ताक त्या मानानें सोसतें. गुऱ्हाळाच्या दिवसांत काहिलीभोंवतीं सांडलेली काकवी चाटणाऱ्या कुत्र्यांसहि हगवण लागते. जत्रेनंतर उरलेला तिखट, तेलकट रस्सा घातल्यास तीच गत होते. आपल्या कांदा-लसणाच्या चटणीविषयीं तर विशेष सावध राहिलें पाहिजे. कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजलेला, अधिक प्रमाणांत पोटांत गेल्यास कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात व तें अशक्त होतें.

साध्या बिघाडांत मोठ्या कुत्र्यास एक वेळ उपाशी ठेवून, स्वच्छ पाणी भरपूर देऊन, पुढें मऊ भात थोडथोडा घालावा. पिलांस उपाशी ठेवूं नये. दोन दिवसांत बरें न वाटल्यास दवाखाना गांठावा.

रंगावरून होणारा बोध

डांबरासारखी काळी व चिकट विष्ठा हें जठरांत किंवा लहान आंतड्यांत रक्त जात असल्याचें चिन्ह आहे. ताजें लाल रक्त दिसल्यास तें मोठ्या आंतड्यांतून अगर गुदद्वाराजवळून येतें. शेंबडासारखा चिकट पदार्थ वरून लागलेला दिसल्यास मोठ्या आंतड्यास सूज आहे असें जाणावें. राखी, तेलकट व फार दुर्गंधी विष्ठा स्निग्ध पदार्थ पचत नसल्याचें दाखविते. गर्द पिवळा अगर नारिंगी रंग टिकून राहिल्यास यकृताकडे लक्ष द्यावें, आणि कुत्र्याचे डोळे व हिरड्या पिवळ्या झाल्या आहेत काय हें पाहावें.

रक्ताच्या बाबतींत दोन प्रसंग असे आहेत कीं, तेथें एक दिवसहि थांबतां कामा नये. पहिला पिलांचा. पिलूं एकाएकी मलूल होऊन ओकूं लागलें व घाणेरड्या वासाची रक्ताळ हगवण सुरू झाली तर तो बहुधा पार्व्हो नांवाचा सांथीचा रोग असतो. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्यावर प्रतिबंधक लस आहे व ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टोंचावी लागते.

दुसरा प्रसंग विषाचा. उसांत व कणगीजवळ उंदरांसाठीं ठेवलेल्या आमिषांपैकीं कांहीं रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडणारीं असतात. कुत्र्यानें तें आमिष, किंवा तें खाऊन मेलेले उंदीर, खाल्ले तर लगेच कांहीं दिसत नाहीं. तीन-चार दिवसांनीं हिरड्यांतून, नाकांतून व विष्ठेंतून रक्त येऊं लागतें. के जीवनसत्त्व वेळीं दिल्यास असें कुत्रें वांचूं शकतें, म्हणून आमिषाचें वेष्टण बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्याकडे जावें.

विष्ठेंत सांपडणारे पदार्थ

काठीनें विष्ठा फोडून पाहिली असतां आंत गवताच्या काड्या, ज्वारीचे दाणे, उंदराचे केस, कोंबडीचीं पिसें, चिंध्या, प्लॅस्टिकचे तुकडे अशा नाना वस्तु सांपडतात. गवत कुत्रीं अधूनमधून खातातच, त्याची काळजी नको. चिंधी किंवा प्लॅस्टिक सांपडल्यास आणखी कांहीं पोटांत अडकलें असण्याचा संभव आहे. कुत्रें ओकत असेल तर दुर्लक्ष करूं नये. बकऱ्याची लोकर किंवा गुरांचे केस दिसले तर मात्र कुत्र्यास मेलेलें जनावर किंवा कापलेल्या जनावराचें टाकाऊ मांस मिळत आहे असें जाणून पुढील भाग लक्षपूर्वक वाचावा.

जंत

शेवयांसारखे पांढरे, लांब, गोल जंत पिलांच्या विष्ठेंत नेहमीं दिसतात. हे आईच्या पोटांतूनच पिलांस लागलेले असतात, म्हणून जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यापासूनच पशुवैद्याच्या सल्ल्यानें औषध सुरू करावें. यांचीं अंडीं मातींत वर्षानुवर्षें टिकतात व मुलांच्या पोटांत गेल्यास प्रसंगीं डोळ्यास इजा करतात. परंतु तीं बाहेर पडल्यावर कांहीं आठवडे गेल्याशिवाय बाधक होत नाहींत. रोजची विष्ठा रोज उचलून टाकल्यास हा धोका सहज टळतो.

तांदळाच्या दाण्यासारखे किंवा काकडीच्या बियांसारखे तुकडे विष्ठेवर अगर शेपटीखालीं दिसल्यास तो पट्टकृमि होय. तो पिसवांपासून होतो. तेव्हां औषधाबरोबर पिसवांचाहि नाश करावा. अंकुशकृमि इतका बारीक असतो कीं विष्ठेंत सहसा दिसत नाहीं. काळी विष्ठा व फिक्या हिरड्या हीच त्याची खूण. त्याच्या अळ्या ओल्या मातींतून अनवाणी पायांच्या कातड्यांत शिरतात.

पट्टकृमीची एक जात मेंढपाळांनीं विशेष ओळखली पाहिजे. तिचीं अंडीं वैरणीबरोबर मेंढीच्या पोटांत गेलीं कीं, मेंढीच्या मेंदूंत पाण्याचा फोड वाढतो आणि ती मान वांकडी करून एकाच बाजूस गरगर फिरूं लागते. अशी मेंढी मेल्यावर तिचें डोकें कुत्र्यापुढें टाकलें कीं चक्र पुरें होतें, आणि पुढील वर्षीं आणखी मेंढ्या फिरूं लागतात.

न दिसणारा शत्रु

आतां मुख्य गोष्ट. गांवच्या जत्रेंत अगर म्हाईंत बकरीं पडतात, तेव्हां कापणाऱ्यास काळजावर किंवा फोपशावर पाण्यानें भरलेले पांढरट फोड कधींकधीं दिसतात. मांस चांगलें राहतें, परंतु तें काळीज व फोपसें खाण्यास नको म्हणून भोंवतीं बसलेल्या कुत्र्यांपुढें फेंकलें जातें. फेंकणाऱ्याच्या मनांत दयाच असते. परंतु त्याच क्षणीं एका भयंकर रोगाचें बीं पेरलें जातें.

त्या फोडांस डॉक्टर लोक हायडॅटिड म्हणतात. त्यांत एका सूक्ष्म पट्टकृमीचीं हजारों बाल्यरूपें असतात. तीं कुत्र्याच्या आंतड्यास चिकटून सुमारें सहा-सात आठवड्यांत वाढतात, आणि मग विष्ठेबरोबर अंडीं पडूं लागतात. पूर्ण वाढलेला कृमि अवघा कांहीं मिलिमीटर लांब असतो. असे हजारों कृमि पोटांत असूनहि कुत्रा धष्टपुष्ट दिसतो व विष्ठा बांधलेली, तपकिरी, सर्वस्वीं निरोगी दिसते. वर सांगितलेली सारी परीक्षा येथें निरुपयोगी ठरते. येथें कुत्र्यानें काय खाल्लें हें ठाऊक असणें हीच एक परीक्षा.

हीं अंडीं बाहेर पडतांक्षणींच बाधक असतात. तीं कुत्र्याच्या केसांस, तोंडास व अंगणाच्या मातीस चिकटतात, आणि ओलसर सावलींत महिनेच्या महिने जिवंत राहतात. आपल्याकडील पावसाळा त्यांस अगदीं मानवतो. कुत्र्याशीं खेळून हात न धुतां भाकरी खाणारें मूल, मळ्यांतील कोथिंबीर न धुतां खाणारा माणूस, वैरण खाणारी म्हैस व चरणारी शेळी या सर्वांच्या पोटांत तीं जातात. माणसाच्या यकृतांत अगर फुप्फुसांत फोड वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो, व पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून सुटका होत नाहीं. फोड असलेलें मांस खाल्ल्यानें माणसास हा रोग होतो अशी समजूत आहे, ती चुकीची होय. रोग येतो तो कुत्र्याच्या मार्गानें.

म्हशीचा गाभ

कुत्र्याच्या विष्ठेचा आणखी एक संबंध दुधाच्या धंद्याशीं आहे. निओस्पोरा नांवाचा एक सूक्ष्म जीव गाईम्हशींचा गाभ टाकविणाऱ्या कारणांपैकीं एक आहे. तो विष्ठेवाटे पसरविणारा प्राणी कुत्रा होय, हें १९९८ सालीं सिद्ध झालें. व्यालेल्या किंवा गाभडलेल्या जनावराची वार अगर मेलेला गर्भ कुत्र्यानें खाल्ला कीं हा जीव त्याच्या पोटांत जातो. पुढें कुत्र्यानें गंजीवर किंवा गव्हाणींत घाण केली कीं तो वैरणीबरोबर दुसऱ्या जनावरांत जातो. गाय एकदां बाधित झाली कीं तो तिच्या कालवडींतहि पोटांतूनच उतरूं शकतो. गाभडण्याचीं कारणें अनेक असल्यामुळें प्रत्येक वेळीं कुत्र्यास दोष देऊं नये. परंतु वार खोल पुरणें व वैरण झांकून ठेवणें यांस खर्च कांहींच नाहीं.

दोन देशांचा दाखला

हायडॅटिडचा नायनाट शेतकऱ्यांच्या हातून होऊं शकतो काय? दोन देशांनीं तो करून दाखविला. मेंढ्यांवर जगणाऱ्या आइसलंड बेटांत एकोणिसाव्या शतकांत हा रोग घरोघर होता. १८६३ सालीं हाराल्ड क्रॅबे या डॅनिश विद्वानानें तेथील १०० कुत्रीं तपासलीं, तेव्हां २८ कुत्र्यांच्या पोटांत हा कृमि निघाला. त्यानें सोप्या भाषेंत एक पुस्तिका लिहिली व ती घरोघर वांटण्यांत आली. फोड असलेलीं इंद्रियें नष्ट करावीं व कुत्र्यांस औषध द्यावें, एवढाच तिचा सारांश. लोक साक्षर होते. त्यांनीं वाचलें व आचरलें. पुढें कायद्याचेंहि साह्य मिळालें, आणि विसाव्या शतकांत तेथून हा रोग नाहींसा झाला.

न्यूझीलंडांत १९५९ सालीं यासाठीं कायदा झाला. तेथें कुत्र्यांस सुपारींतील अरेकोलिन या द्रव्याचें रेचक देऊन पडलेली विष्ठा तपासण्यांत येई, आणि मालकास त्याच्या कुत्र्याच्या पोटांत काय आहे हें कळविण्यांत येई. २००२ सालीं तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त झाल्याचें जाहीर झालें. सुपारीचा प्रयोग मात्र कोणीं घरीं करूं नये; तें द्रव्य विषारी आहे, व आतां त्याहून निर्धोक औषधें मिळतात.

तपासणी व औषध

शंका आल्यास सकाळची ताजी विष्ठा, बोराएवढी, स्वच्छ झांकणाच्या डबींत घालून त्याच दिवशीं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावी. तेथें ती मिठाच्या दाट पाण्यांत कालवितात. बऱ्याच जंतांचीं अंडीं हलकीं असल्यानें वर तरंगतात व सूक्ष्मदर्शक यंत्रांतून ओळखतां येतात. परंतु हायडॅटिडच्या कृमीचीं अंडीं व इतर कांहीं पट्टकृमींचीं अंडीं तेथेंहि सारखींच दिसतात. म्हणून टाकाऊ मांस मिळणाऱ्या कुत्र्यास अंडीं दिसण्याची वाट न पाहतां औषध देणें शहाणपणाचें.

तें औषध प्राझिक्वांटेल होय. प्रमाण वजनाच्या दर किलोस ५ मिलिग्रॅम. कृमीस अंडीं घालण्याइतकें वाढण्यास सहा आठवड्यांहून अधिक काळ लागतो, म्हणून धोक्याच्या ठिकाणीं दर सहा आठवड्यांनीं औषध द्यावें. तें कृमि मारतें, परंतु अंडीं मारीत नाहीं. यास्तव औषधानंतर दोन-तीन दिवस कुत्रें बांधून ठेवून त्याची विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी.

पाळावयाचे नियम

१. बकऱ्याचें, मेंढीचें किंवा गुराचें कच्चें काळीज, फोपसें व डोकें कुत्र्यास कधींहि घालूं नये. घालावयाचेंच तर अर्धा तास चांगलें उकळून घालावें. फोड दिसल्यास तें जाळावें अगर कुत्र्यास उकरतां येणार नाहीं इतकें खोल पुरावें.

२. जत्रेच्या व म्हाईच्या जागीं पंचांनीं आधींच खड्डा खणून ठेवावा, व टाकाऊ भाग त्यांतच पडेल अशी व्यवस्था करावी.

३. मेलेलें जनावर, वार व गाभडलेला गर्भ उघड्यावर टाकूं नये.

४. कुत्र्याची विष्ठा रोज उचलून वेगळ्या खड्ड्यांत पुरावी. ती उकिरड्यांत किंवा भाजीच्या वाफ्यांत घालूं नये. काम झाल्यावर हात साबणानें धुवावेत.

५. कडब्याची गंजी, गव्हाण व पाण्याची टाकी यांजवर कुत्र्यास चढूं देऊं नये.

६. मुलांस कुत्र्यास हात लावल्यावर हात धुण्याची संवय लावावी, आणि कुत्र्यास त्यांचें तोंड चाटूं देऊं नये.

७. मेंढरें शेतांत बसविण्यास बोलावितांना बरोबरच्या कुत्र्यांस जंताचें औषध दिलें आहे काय याची चौकशी करावी. दिलें नसल्यास त्याचा खर्च शेतमालकानें सोसावा. खताच्या मानानें तो अगदीं थोडा आहे.

यांतील दुसरा व सातवा नियम एकट्यादुकट्यानें पाळून भागणार नाहीं. आपलें कुत्रें आपण बांधून ठेवलें तरी शेजारच्याचें मोकळें असतें, आणि रस्त्यावरील कुत्र्यास मालक नसतो. त्यासाठीं गांवानें एकत्र बसून ठराव केला पाहिजे. येत्या जत्रेच्या बैठकींत वर्गणीचा व मंडपाचा विचार होईलच; त्याच बैठकींत खड्डा कोठें खणावयाचा हेंहि आमच्या वाचकांनीं ठरवून घ्यावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.